शेप्या आंब्याच्या चार फोडी

आमच्या त्या घरात एक कांदा दोनदा उपयोगी पडायचा. आई सकाळी कांदा मधोमध कापायची, अर्धा सुरीच्या टोकाला टोचायची, तेलाच्या वाटीत नुसता टेकवायची आणि त्यानं तवा पुसून घ्यायची. सहा धिरडी निघाली तरी वाटीतलं तेल हललेलं दिसायचं नाही. दिवसभर तो अर्धा कांदा वाटीत पालथा पडून असायचा. संध्याकाळी तव्याचं काम संपलं की तोच बारीक चिरून कालवणात जायचा. "तेल प्यालंय त्यानं, फुकट घालवायचं व्हय?" असं आई म्हणायची, आणि त्या कालवणाला वेगळी फोडणी मिळायची नाही. मी हे सांगते तेव्हा माझी सून हसते. हसू दे बापडी. तिच्या फ्रिजमध्ये सात डबे आहेत, सातांतही काल-परवाचं उरलेलं आहे, आणि रविवारी ती ते सगळं पिशवीत भरून बाहेर ठेवते. मी दौंडला मुलाकडं राहायला आल्यापासून आमचं एवढ्या एकाच गोष्टीवरून वाजतं.

आम्ही गरीब नव्हतो, हे आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगीच हळहळत बसायचा. निमोण्यात माझ्या आजोबांना, आबांना, मान होता. विहीर होती, बैलजोड्या होत्या, सोसायटीच्या निवडणुकीत आबा कुणाच्या ओट्यावर बसतात इकडं लोकांचं लक्ष असायचं. आम्ही गरीब नव्हतो, आम्ही हट्टी होतो. म्हणजे आई हट्टी होती आणि मी तिच्या मागून फरफटत चालले होते. मोठ्या घरात बावीस माणसं जेवायची. स्वयंपाकघर माझ्या थोरल्या चुलतीच्या ताब्यात होतं. आम्ही सगळी पोरं तिला नानी म्हणायचो, आई तिला अक्का म्हणायची. नानी वाईट नव्हती. पण बावीस माणसांचं रांधायचं म्हणजे हाताशी पोरी लागतात, आणि मी रोज सकाळी दप्तर घेऊन शिरूरच्या यष्टीत बसायचे. गावातली शाळा सातवीला संपली होती. पुढचं हायस्कूल शिरूरला, आणि तिथं जाणारी आमच्या भावकीतली मी एकटीच पोरगी. आठवी कशीबशी गेली. नववीच्या दिवाळीत, फराळाची पातेली घासायला मी नव्हते म्हणून, नानी सगळ्यांसमोर बोलली, "जिला हात लावायला नगं, तिला ताट वाढायला मातर मीच!" आईनं भाऊबीज होऊ दिली, आणि दुसऱ्या दिवशी डोईवर पदर घेऊन आबांपुढं उभी राहिली.

"आबा, माझी चूल येगळी मांडते," ती म्हणाली.

आबा अडाणी होते, पण बोलायला पक्के. त्यांनी सांगितलं की गोठ्याशेजारची पडवी घे, बाजरी-ज्वारी-हुलगा तुझ्या वाट्याचा घे, वगळीकडचं, म्हणजे ओढ्याकाठचं, अर्धा एकर रान घे. "पर एक वरीस चालवून दाखवायचं. थोरल्या घरातनं काय मागायचं न्हाई, काय उचलायचं न्हाई. मीठ बी न्हाई आन् चुलीला इस्तू बी न्हाई. ज्या दिशी ह्या घरातली वस्तू तिकडं दिसंल, त्या दिशी चूल मोडायची, समद्यांत परत यायचं, आन् पोरगी घरी बसवायची. हाय कबूल?" आई म्हणाली, "हाय." मी दाराआडून ऐकत होते. पोरगी म्हणजे मी, हे कळायला मला एक क्षण लागला.

मग सुरू झालं आमचं ते वर्ष. माझे वडील गुळवे होते, म्हणजे गुऱ्हाळावरचा रस कढईतून नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारे. दिवाळी झाली की ते कासुर्डीकडं एका गुऱ्हाळावर जायचे आणि ऊस संपेपर्यंत तिकडंच राहायचे. महिन्या-दीड महिन्यानं एखादी चक्कर, आणि येताना काकवीचा डबा. तो डबा म्हणजे आमची साखर आणि तोच आमचा गूळ. पहिला डबा आला त्याच दिवशी आईनं काकवीचा चहा केला आणि शेळीचं दूध घातल्याबरोबर तो फाटला. मी तोंड वाकडं केलं. आईनं तो चहा गाळून प्यायला, आणि फडक्यावर राहिलेला चोथा भाकरीला लावून मला दिला. "खा, पेढाच हाय." पेढा कसला, चहापत्तीचा कडवट लगदा! पण दुसऱ्या दिवसापासून ती भांडं खाली उतरवून, जरा निवू देऊन मग दूध घालायला लागली, आणि चहा पुन्हा कधी फाटला नाही. तिचं सगळं असंच होतं. एकदा चुकायचं, चुकलेलं खायचं, आणि दुसऱ्यांदा चुकायचं नाही.

शेंगदाणे तिनं पहिल्या महिन्यातच बंद केले. कालवण दाट व्हायला ती शिळी भाकरी चुलीच्या कडेला उभी करून कडकडीत वाळवायची, खलबत्त्यात कुटायची आणि ते कूट लावायची. कारळं घरच्या रानातली होती, ती भाजून घातली की शेंगदाण्याची आठवण व्हायची नाही. निदान आईला व्हायची नाही, मला व्हायची. हरभऱ्याची डाळ महाग म्हणून पिठलं हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं. दोडका आणला तर त्याच्या शिरा खरवडून चटणी, भोपळा आणला तर साली परतून चटणी, आणि कांद्याला फुलोऱ्याचे दांडे आले, ज्यांना आम्ही डेंगळे म्हणतो, की ते मोडून त्यांची भाजी. चिंच विकत आणायची नाही म्हणून तिनं मला एक काम लावून दिलं होतं. थंडीत रात्री जुन्या धोतराचं फडकं आमच्या हरभऱ्यावर अंथरून यायचं आणि सकाळी उजाडताना जाऊन ते पिळायचं. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब दवाबरोबर त्यात उतरते. ती वाटीत धरायची. बोटं गारठून वाकडी व्हायची आणि भेगांना आंब झोंबायची. मी रडायचे, आणि रडत रडत पिळायचे. पण त्या आंबेच्या आमटीची चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही, अगदी खरं सांगते. मध्यंतरी नातीनं मोबाइलवर एक बाई दाखवली. ती दोडक्याच्या शिरांची चटणी करून दाखवत होती आणि जगात पहिल्यांदाच कुणी केल्यासारखं बोलत होती. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

भाकरी उरली की सकाळी तिचे तुकडे. कांदा, मिरची, हळद, आणि वर हरभऱ्याची वाळवलेली भाजी चुरून. हे तुकडे मी डब्यात शाळेत न्यायचे. वर्गातल्या पोरींच्या डब्यात चपात्या असायच्या, म्हणून मी झाकण अर्धं उघडं ठेवून आतल्या आत खायचे. लाज वाटायची, हो, वाटायची. आता मोठेपणी शहाणपण सांगण्यात काय अर्थ आहे? तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला आईची हिंमत दिसत नाही, डब्यातला तुकडा दिसतो. आईला मात्र लाज म्हणून ठाऊक नव्हती. "पोट भरलं का?" एवढंच ती विचारायची. मी हो म्हटलं की विषय संपला.

फाल्गुन लागला आणि कांदा काढणीला आला. मजूर लावणं आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून आई सावडीत शिरली. सावड म्हणजे आज सगळ्या बायकांनी मिळून एकीच्या रानात राबायचं, उद्या दुसरीच्या. हिशेब कामाचा, पैसा मध्ये येत नाही. नऊ बायका होत्या, त्यात नानीही होती, कारण मोठ्या घराचाही कांदा होता. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. काम मला जड वाटायचं नाही, जड वाटायची ती दुपार. दुपारी सगळ्या लिंबाखाली गोल करून बसायच्या, आपापली फडकी सोडायच्या आणि प्रत्येकीनं आणलेलं कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं जे काय असेल ते, मध्ये ठेवायच्या. मग जिला जे हवं ते. कुणाचं मेथीचं पिठलं, कुणाची वांगी, कुणाचं लसणीचं तिखट, नानीच्या डब्यात भरली मिरची तेलात पोहत असलेली. आणि आमच्या फडक्यात शिरा किंवा साली.

एका रविवारी आई फडकं सोडत होती आणि नानी माझ्याकडं बघून हसत म्हणाली, "मंगे, आज काय हाय गं? शिरा का साली?" सगळ्या हसल्या. आईही हसली आणि म्हणाली, "आज डेंगळे हायती अक्का, खाऊन तर बघा." नानीनं खाल्लेही. सुमनमावशी नावाची शेजारची बाई होती, मोठ्या आवाजाची, तिनं तर बोटं चाटली आणि कसे केले ते विचारून घेतलं. आज आठवलं की कळतं, आमचं फडकं दर वेळी सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. पण मला तेव्हा फक्त ते हसू ऐकू आलं. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. मी ठरवलं की पुढच्या रविवारी आमच्या फडक्यात असं काही असेल की नानीची बोलती बंद होईल.

आता लोणच्याचं सांगायला हवं. आबांच्या बांधावर एक आंब्याचं झाड होतं, शेप्या म्हणायचे त्याला, कारण त्याच्या कैरीला शेपूच्या भाजीचा वास यायचा. तसा आंबा आमच्या शिवारात दुसरा नव्हता. त्याचं लोणचं गेल्या उन्हाळ्यात आईनंच घातलं होतं. कैऱ्या मी पुसल्या होत्या, फोडी आईनं केल्या होत्या, मसाला तिच्या हातचा होता. पण चूल वेगळी झाली तेव्हा बरणी मोठ्या घरातच राहिली. मी रोज संध्याकाळी आबांना वर्तमानपत्रातले कांद्याचे भाव वाचून दाखवायला जायचे. एवढं एक येणं-जाणं चालू होतं. शनिवारी भाव वाचून झाले, आबा तंबाखू चोळत बसले, स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कोठीच्या खोलीत जाऊन मी बरणीत हात घातला आणि चार फोडी काढल्या. पळसाच्या पानात गुंडाळल्या आणि परकराच्या ओच्यात खोवल्या. भीती वाटली, पण चोरी केल्यासारखं वाटलं नाही. माझंच तर आहे, माझ्या आईनंच घातलंय, असं मी स्वतःला सांगत घरी आले. मूर्ख कार्टी! चोरायला त्या अख्ख्या घरात दुसरं काय मिळालं नाही मला? गूळ उचलला असता, तूप उचललं असतं, कुणाला कळलं नसतं. मी नेमकी ती वस्तू उचलली जी डोळे मिटूनही निमोण्यातल्या कुणीही ओळखली असती.

दुसऱ्या दिवशी काढणी सुमनमावशीच्या रानात होती. दुपारी आई कळशी घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेली आणि मी संधी साधली. फडकं सोडलं, आईनं दिलेली सालींची चटणी मागं सारली, आणि पळसाचं पान मध्ये ठेवून ऐटीत उघडलं.

"अगं बया! शेपूचा वास!" सुमनमावशी ओरडली.

बाकीच्यांचे हात भाकरीवरच थांबले आणि सगळ्या नानीकडं बघायला लागल्या. नानीनं हात पुढं केला, एक फोड उचलली, चावली, बाठीचा तुकडा गालात धरून बराच वेळ चघळला.

"कुणी दिलं गं?"

"आईनं घातलंय," मी म्हणाले.

"कवा?"

"मागं... मागंच."

कैऱ्या अजून झाडावर बोराएवढ्या होत्या. मला रडू यायला लागलं होतं, पण तरी मी मान वर ठेवून बसले होते. तेवढ्यात आई कळशी घेऊन आली. नानी तिला म्हणाली, "पोरगी म्हणती, तू लोणचं घातलंस." आवाज चढवला नव्हता तिनं. आईनं खाली पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. एक शब्द पुरला असता. "व्हय" म्हणाली असती तर बायकांनी पुढं काही विचारलं नसतं, मला वाटतं नानीनंही नाही. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडत होते, आई, व्हय म्हण, एकदाच म्हण.

"न्हाई," आईनं कळशी खाली ठेवली. "माझ्याकडं लोणचं न्हाई. मंगे, कुठनं आणलंस?"

"नानीच्या बरणीतनं."

सुमनमावशी मध्ये पडली. "अगं, लेकरू हाय. चार फोडी त्या काय! आन् हात तर तुझाच हाय की त्या लोणच्याला."

"हात माझा हाय, बरणी त्यांची हाय," आई म्हणाली.

नानीनं तोंडातली बाठ बाहेर काढली. ती माझ्याकडं बघतच नव्हती. म्हणाली, "जाऊ दे, मी काय आबांना सांगत न्हाई. जेव तू." हे तिनं मनापासून म्हटलं होतं, इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगते. पण आई म्हणाली, "तुमी न्हाई सांगणार अक्का, पर मी सांगणार. मी कबूल केलं व्हतं. आधी मावशीचं रान उरकू." आणि ती भाकरी मोडून जेवायला बसली. मी नुसतीच बसले होते, तर माझ्या हातात भाकरी कोंबली आणि म्हणाली की उपाशी पोटी वाफा निघत नाही. दिवस कलेपर्यंत आम्ही कांदा काढला. आई कुणापेक्षा मागं राहिली नाही. मला वाटत होतं की तिनं मला मारावं, खूप मारावं.

हातपाय धुऊन ती मला घेऊन मोठ्या घरी गेली. आबा ओट्यावर बसले होते, मी येईन आणि भाव वाचीन म्हणून पेपर शेजारी ठेवलेला. आईनं सगळं सांगितलं, मी कधी गेले, काय उचललं, कुठं उघडलं. माझी बाजूही घेतली नाही आणि मला शिव्याही घातल्या नाहीत. नानी आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"मी काय बोललो व्हतो?" आबांनी विचारलं.

"ध्यानात हाय."

"मग?"

"तुमी दोन गोष्टी सांगितल्या व्हत्या. चूल मोडायची आन् पोरगी घरी बसवायची. त्यातली एक घ्या, आबा. चूल घ्या. उद्या मोडते. अक्काच्या हाताखाली येते. दळण, पाणी, शेणघाण, सांगतील ते करीन. मंगीच्या वाटचं काम बी मीच करीन. पर पोरगी शाळंत जाईल."

आबांनी मान वर केली. त्या घरात त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे, त्यांचे मुलगेसुद्धा नाहीत. "आन् मी न्हाई म्हणलो तर? नवऱ्याला न इचारता बोलतीस?"

"त्यांना मी सांगंन. तुमी न्हाई म्हणला तर परवाच्या गाडीनं गुऱ्हाळावर जाते. उसाच्या पाचटाची खोपी घालीन, तितं राहीन. जवळच यवतला बी शाळा हाय."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आबा आईकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं, मग शेजारच्या पेपराकडं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कधीच कळलं नाही, पुढं विचारायचा धीरही झाला नाही. ते आत नानीकडं तोंड करून म्हणाले, "उद्यापासनं हिचं ताट हिकडं वाढायचं." आणि मला म्हणाले, "बस. वाच." मी हुंदके देत कांद्याचे भाव वाचले. एक भाव तर दोनदा वाचला.

सकाळी मला जाग आली ती आवाजानं. आई कुदळीच्या तुंब्यानं, म्हणजे बोथट बाजूनं, चूल फोडत होती. पावणेपाच महिने ती चूल तिनं रोज सारवली होती, कडेला बोटांची नक्षी ओढली होती. दोन घाव घातले आणि वैलाचा, म्हणजे शेजारच्या धाकट्या चुलीचा, भाग सुटून पडला. मी उठून तिच्या हाताला लटकले. म्हणाले की मी नाही जात शाळेत, मी घरी बसते, नानीची भांडी घासते, पण चूल राहू दे, तू आबांना सांग. मी खरंच तसं म्हणत होते. त्या क्षणी मला शाळा, शिरूर, दहावी, काही काही नको होतं. आईनं मला एका हातानं बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"चूल मातीची हाय! दोन घमेली माती आणली की पुन्यांदा घालता येती. नववीचं वरीस घालता येतंय का पुन्यांदा? त्वांड धू. यष्टी जाईल."

मी तोंड धुतलं आणि गेले. यष्टीत खिडकीशी बसून रडले, आणि रडणं संपल्यावर इतिहासाचं पुस्तक उघडलं. त्या दिवसापासून माझ्या अभ्यासात जी जिद्द आली ती हुशारीमुळं नव्हती. मला धडा वाचताना चुलीचे ढेपसे दिसायचे. मी पाठ केल्याशिवाय उठायचे नाही. लाज गेली, ती कायमची गेली. डबा सगळ्यांसमोर पूर्ण उघडून खायला लागले.

आई मोठ्या घरात राबली. बोलल्याप्रमाणे माझ्या वाटचंही राबली. पहाटे जात्यावर बसायची, कारण पिठाच्या गिरणीत दळण न्यायला पोरगी नव्हती. वडील हंगाम संपवून आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं, डोक्याला हात लावून बसले, आणि मग म्हणाले की तू केलंस ते बरोबरच असंल. नानीनं पहिले दोन महिने तिला चुलीपुढं बसू दिलं नाही. पण बावीस माणसांच्या घरात रोज दहा-बारा भाकऱ्या उरायच्या आणि गुरांना जायच्या. एक दिवस पाहुणे अचानक आले आणि पीठ संपलेलं, तेव्हा नानीनंच तिला हाक मारली. आईनं शिळ्या भाकऱ्यांचे तुकडे केले, वर आंबेचं पाणी शिंपडलं. पाहुण्यांनी पुन्हा मागून घेतले. त्यानंतर उरलेल्याचा कारभार आईकडं आला. ती खूश नव्हती. एवढं सगळं वाचवायचं, पण दुसरीच्या चुलीवर, हे तिला लागायचं. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "हितं माझं काय बी बिघडत न्हाई, पर हितं माझं काय न्हाई." मी तेव्हा दहावीत होते. मी तिच्या पुढ्यातलं पीठ मळायला घेतलं. तिनं ते काढून घेतलं आणि मला अभ्यासाला पिटाळलं.

दहावीचा निकाल लागला तो दुपारी. शिरूरहून येणाऱ्या यष्टीतून मी उतरले आणि धावतच घरी आले. मी पास झाले होते, आणि बऱ्यापैकी झाले होते. आबांनी तो कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि मला वाचायला लावला. नानीनं माझ्या हातावर साखर ठेवली. आई गोठ्याकडं होती, तिथं जाऊन मी सांगितलं. तिनं हात पुसले. जवळ घेतलं नाही, रडली नाही, पेढे आणा म्हणाली नाही. भिंतीला टेकवलेली दोन घमेली उचलली, एक माझ्या हातात दिलं आणि वगळीच्या वाटेला लागली.

"चल," म्हणाली, "माती आणू."